नाव घातलेली वाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मेधाला नाही — माझ्या दाढदुखीपासून मॅनेजरशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं जिला ठाऊक असतं, त्या माझ्या बायकोलाही नाही. आई होती तोवर आईला नाही. लिहायचं ठरवून दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा अमेरिकेबद्दल लिहून उठलो. अमेरिकेबद्दल लिहिणं सोपं असतं. ती लांब आहे.

तुम्ही म्हणाल, अमेरिका मध्येच कुठून आली? सांगतो. थोडं लांबून सांगावं लागेल — थेट सांगायचा धीर असता तर एवढी वर्षं कशाला लागली असती?

मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहतो. गोदामातला माल कुठून निघाला आणि कुठे पोचला हे दाखवणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. नोकरीत सांगण्यासारखं काही नाही. पण अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की माझ्या अंगात यायचं. मराठीत ब्लॉग लिहायचो, नावानिशी, फोटोसकट. वाचणारे पुण्यातले, न्यू जर्सीतले आणि चार-दोन इथले. कुठल्या उमेदवारावर कसला हल्ला झाला, त्यात तथ्य किती, आणि असलं काही छापताना ब्लॉग लिहिणाऱ्यानं काय पथ्यं पाळावीत, हा माझा लाडका विषय. एका उमेदवाराला ‘अनुभव नाही’ म्हणून सगळे झोडपत होते, तेव्हा मी भलामोठा लेख लिहिला होता. अनुभव म्हणजे काय? खुर्चीत घालवलेली वर्षं मोजायची, की माणसांत घालवलेली? शेवटी ब्लॉगवाल्यांनाही सुनावलं होतं — ज्याच्यावर लिहिता त्याला आधी विचारा, खाली स्वतःचं नाव घाला, आणि अर्धं सांगून थांबू नका, कारण अर्धं सत्य हे लबाडाचं आवडतं हत्यार असतं. लेखाला भरपूर दाद मिळाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

सुलभाताईंनी तो लेख छापून घेतला होता. हे मला पुढे कळलं.

सुलभाताई आमच्याच रस्त्याच्या टोकाला राहायच्या. तीस वर्षं हॉस्पिटलात नर्सिंग करून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान, अरुणराव, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन एजवेअरला. घरात एकट्या, पण घर कधी रिकामं दिसलं नाही. भारतातून मुली नवऱ्यांच्या व्हिसावर यायच्या, बावरलेल्या असायच्या. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं नोंदवायचं, मुलांच्या शाळेचा अर्ज कसा भरायचा, भिंतीला ओल आली तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पत्र कसं लिहायचं — सगळ्या ताईंकडे जायच्या. ताई चष्मा नाकावर ओढून अर्ज वाचायच्या आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुली मारून द्यायच्या.

मी इथल्या एका पक्षाच्या आमच्या भागातल्या ब्रांचमध्ये चौदा वर्षं होतो. कुठला पक्ष, ते सोडा. चौदा वर्षं मी लोकांच्या दारातून पत्रकं सरकवली, लेटरबॉक्सच्या स्प्रिंगमध्ये बोटं चेमटून घेतली, मीटिंगची मिनिट्स लिहिली आणि शेवटी खुर्च्या आवरल्या. आमच्या वॉर्डातून कौन्सिलसाठी कुणाला उभं करायचं हे ठरायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, आता आपलाच नंबर. दोनच नावं पुढे आली — माझं आणि सुलभाताईंचं. त्यांना पक्षात येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सभासदांनी त्यांना निवडलं. टाळ्या मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या. घरी आल्यावर मेधाला म्हणालो, चांगलं झालं, पण बाईंना अनुभव नाही गं. तिनंही माझा तो लेख वाचला होता.

त्या दिवसापासून मी सुलभाताईंना पाण्यात पाहू लागलो. तेव्हा मी त्याला ‘काळजी’ म्हणत होतो. पक्षाची काळजी, वॉर्डाची काळजी. माणूस स्वतःला किती सोज्वळ शब्दांत फसवतो, नाही?

त्या जानेवारीत आई पुण्याहून आमच्याकडे आली होती, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी सुलभाताईंनी हळदीकुंकू केलं. अरुणराव गेल्यापासून त्यांनी केलं नव्हतं. का केलं नसेल, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण त्या वर्षी मुलीनं हट्ट धरला आणि ताईंनी ठरवलं, करायचं तर सगळ्यांना बोलवायचं. ज्यांचे नवरे गेले त्यांना, ज्यांनी नवरे सोडले त्यांना, शेजारच्या पंजाबी मावशींना, पलीकडच्या जॅनेटलासुद्धा. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या, हातात मावेल एवढ्या. आदल्या वर्षी पुण्याला गेल्या होत्या तेव्हाच घेऊन, दुकानातच नाव घालून आणलेल्या. वाटीच्या बाहेरच्या अंगाला बारीक टिंबाटिंबांत कोरलेलं — सुलभा. नुसतं सुलभा, आधी सौ. नाही. हे सगळं त्यांनी मेधाला सांगितलं होतं, आणि मेधानं मला.

मी मेधाला आणि आईला घ्यायला गाडी घेऊन गेलो. आई पुढे बसली. बसल्या बसल्या तिनं समोरची झडप खाली ओढली, त्यात छोटा आरसा असतो ना, आणि त्यात बघत राहिली. तिच्या कपाळावर कुंकू होतं. बाबा गेल्यापासून नऊ वर्षांत मी तिला तसं पाहिलं नव्हतं. ती रडली नाही, हसलीही नाही. नुसतं म्हणाली, “मला आधी लावलं तिनं. सगळ्यांच्या आधी.” मग झडप वर केली. वाटी मांडीवर होती, ती दोन्ही हातांनी धरून घरापर्यंत आली.

हे मी पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मार्च उजाडला. तिकडे अमेरिकेत प्रचार पेटला होता, आणि मी निनावी चिखलफेकीविरुद्ध दर आठवड्याला एक लेख पाडत होतो. इकडे सुलभाताई दारोदार जात होत्या आणि लोक त्यांना चहाला आत बोलावत होते. चौदा वर्षांत मला कुणी आत बोलावलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी मेधा आईला घेऊन वेम्बलीला भाजी आणायला गेली होती. मी स्वयंपाकघरात गेलो, आईची वाटी ओट्यावर ठेवली, नाव समोर येईल अशी फिरवली आणि फोटो काढला.

मग दुसरा ब्लॉग उघडला — इंग्रजी, नावाशिवाय, ‘वॉर्डातला एक रहिवासी’. त्यावर सात-आठ वाक्यं लिहिली. निवडणुकीच्या आधी काही आठवडे एका उमेदवार बाईंनी वॉर्डातल्या बायकांना घरी बोलावलं. त्यांना खाऊपिऊ घातलं. जाताना प्रत्येकीला भेटवस्तू दिली. आणि प्रत्येक वस्तूवर उमेदवाराचं नाव कोरलेलं होतं. खाली प्रश्न विचारला — इथल्या निवडणूक कायद्यात मतदारांना खाऊपिऊ घालून वश करण्याला ट्रीटिंग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. हे त्यात बसतं का? मी फक्त विचारतोय, असं शेवटचं वाक्य. पोस्ट खोट्या नावाच्या खात्यावरून वॉर्डाच्या फेसबुक ग्रुपवर टाकली, भांडं विसळून जागेवर ठेवलं, आणि त्या दोघी आल्यावर भाजीच्या पिशव्या आत आणायला बाहेर गेलो.

तर हे मी केलं. झालं लिहून.

नाव कोरलेलं! तुमच्या घरातलं कुठलंही जुनं पातेलं उलटं करून बघा. माझ्या आईच्या अख्ख्या स्वयंपाकघरात बिननावाचं भांडं सापडलं नसतं — आजोबांचं नाव, मामांचं नाव, कुणाच्या मुंजीची तारीख. आपण भांड्यावर नाव घालतो ते आठवण राहावी म्हणून, पंगतीला गेलेलं भांडं घरी परत यावं म्हणून. हे मला माहीत होतं, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला माहीत नसणार हेही मला माहीत होतं. सगळी मदार त्यावरच होती. हे हळदीकुंकू कोणी परका माणूस असं वापरूच शकला नसता. त्याला घरचाच माणूस लागतो.

पुढचं फार वेगानं झालं. विरोधकांनी तो फोटो पत्रकावर छापला, ‘मतांसाठी भेटी?’ असा मथळा देऊन. आमच्या पक्षाच्या लोकांनी ताईंना बोलावलं आणि त्या दिवशी आलेल्या बायकांची यादी मागितली. यादीची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पसरता पसरता ‘पोलीस घरोघर येणार’ अशी झाली. व्हिसावर आलेल्या पोरी त्या — कॉमनवेल्थमधल्या देशातून आलेल्या म्हणून त्यांना इथे मत होतं, पण पाय कुठे रोवलेले होते? कुणाचे इथे कायम राहण्याच्या परवानगीचे कागद अडकलेले, कुणाचा नवरा नोकरी बदलत होता. त्यांनी फोटो पुसून टाकले. ग्रुप सोडले. आणि एकेक करून वाट्या परत केल्या. हातात नाही, दारात. सकाळी ताईंनी दूध घ्यायला दार उघडलं की पायरीवर एखादी पिशवी असायची, आत एक वाटी, चिठ्ठी नाही. वाण परत करतात का कधी? कुणी ऐकलंय?

मेधानं परत केली नाही. तिला कुणी सुचवलं तर ती म्हणाली, माझ्या घरात ठेवलेली वस्तू आहे, कुणाला काय करायचंय. मी पेपरामागे होतो.

आता जे सांगायचंय ते पोस्टपेक्षा वाईट आहे. खरं सांगायचं तर पोस्टचं मी एकवेळ कुणाला सांगितलंही असतं — मत्सर झाला, डोकं फिरलं, असं काहीतरी. पण हे नाही.

ताई आमच्याकडे आल्या. हातात दोन कागद. एक माझा तो जुना लेख, घड्या पडलेला, काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा. दुसरा त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेला खुलासा, दीड पान. म्हणाल्या, “नितीन, तुला यातलं कळतं. हे टाकू का मी ग्रुपवर?”

मी वाचला. फार साधा होता. हळदीकुंकू म्हणजे काय, जानेवारीतच का असतं, भांड्यांवर आपण नावं का घालतो, वाट्या उमेदवारी मिळण्याच्या कितीतरी आधी आणल्या होत्या त्याची पावती. आपल्यासारख्या बाईला हे करायला तीन वर्षं का लागली, त्याबद्दल दोन ओळी. एका ठिकाणी लिहिलं होतं, त्या दिवशी राजकारणाचा एक शब्दही निघाला नाही, आम्ही गाणी म्हटली. जॅनेट साक्ष द्यायला तयार होती. तो कागद त्या संध्याकाळी लोकांपुढे गेला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. मला लिहिण्यातलं एवढं निश्चित कळतं.

पण मग कुणीतरी विचारलं असतं, फोटो कुठला? कुणाच्या ओट्यावरचा? चोराच्या मनात चांदणं. आमच्या ओट्याच्या टाइल्स कडेला थोड्या दिसत होत्या.

मी त्यांना समजावलं. अगदी प्रेमानं. म्हणालो, “ताई, उत्तर देऊ नका. अमेरिकेत मी वर्षानुवर्षं हेच बघतोय, हल्ल्याला उत्तर दिलं की हल्ला मोठा होतो. गप्प बसा, आपोआप विरेल.” त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, तू म्हणतोस तर तसं. आई आतून त्यांच्यासाठी लाडू घेऊन आली.

त्या गप्प राहिल्या. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. उमेदवारीचा अर्ज भरायच्या आधी पक्षानं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि अनुभवी माणूस हवा म्हणून मला उभं केलं. हो, मी उभा राहिलो. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. आणि माझी पत्रकं वाटायला कोण आलं असेल? गुडघा धरून, एकेक पायरी चढत, सुलभाताई. मी निवडणुकीत पडलो. मतमोजणीच्या हॉलमधून बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर त्यांनी कधी हळदीकुंकू केलं नाही. अर्ज घेऊन येणाऱ्या मुली कमी झाल्या, मग थांबल्या. ताईंच्या दारासमोरून जाताना त्या फोनमध्ये बघायच्या. पुढच्या वर्षी ताईंनी घर विकलं आणि मुलीकडे एजवेअरला गेल्या. निघताना परत आलेल्या सगळ्या वाट्या त्यांनी जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात दिल्या. तिथे त्या बरेच दिवस शेल्फवर होत्या. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

ब्लॉगही सोडला. वाचक विचारत राहिले, यंदा अमेरिकेवर काही नाही का? काय लिहिणार होतो?

आणखी एक. पोस्टमधलं सगळं निदान शब्दशः खरं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही नव्हतं. फोटोखाली मी ओळ लिहिली होती — ‘एका मतदाराला मिळालेली भेट’. आईला इथे मत नव्हतं. ती पाहुणी होती.

आई दोन वर्षांपूर्वी गेली, पुण्यात. दिवसवार झाल्यावर मी तिचा फ्लॅट आवरला. वाटी देवांपुढे होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, रोज सकाळी त्यातच दुधाचा नैवेद्य दाखवायच्या, दुसरी वाटी चालायची नाही त्यांना. मी ती शर्टात गुंडाळून हातातल्या बॅगेत घातली आणि घरी आणली. मेधानं ती स्वतःच्या वाटीशेजारी ठेवून दिली.

आणि मग गेल्या महिन्यात सुलभाताई भेटायला आल्या. आई गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं होतं. एजवेअरहून दोन-तीन गाड्या बदलून, काठी घेऊन. आता बऱ्याच थकल्यात. आईबद्दल बोलल्या, थोडं रडल्या. मेधानं चहा केला, आणि ताई साखर वेगळी घेतात म्हणून साखर एका वाटीत घालून आणली. मी बघतच होतो. उठून ती वाटी बदलावी असं मनात आलं, पण काय कारण सांगणार होतो?

ताईंनी चमचा उचलला आणि थांबल्या. वाटी फिरवली. अंगठ्यानं नाव चाचपलं.

“ही मेधाची?”

“आईंची,” मेधा म्हणाली, आणि देवांचं, नैवेद्याचं सगळं सांगितलं.

ताई वाटी तळहातावर घेऊन बसल्या. मग माझ्याकडे बघून, अगदी सावकाश म्हणाल्या, “तो फोटो कुणाच्या वाटीचा होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही रे. एकेकीवर संशय घेतला मी. चांगल्या पोरी होत्या, त्यांच्यावर घेतला. रस्त्यात दिसल्या तर तोंड फिरवलं. पण देवाशपथ सांगते, तुझ्या आईच्या वाटीवर कधी घेतला नाही.”

मी म्हटलं, “चहा गार होतोय, ताई.”

त्यांनी मान हलवली. आईच्या वाटीतली एक चमचा साखर घेतली, ढवळली आणि चहा संपवला. जाताना मेधाला म्हणाल्या, वाटी जपून ठेव हं. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीत आम्ही हवेबद्दल बोललो.

फोटोतली वाटी तीच होती. तो मी काढला होता. ताई अजून माझा जुना ब्लॉग उघडून बघतात, असं त्यांची मुलगी परवा फोनवर म्हणाली, म्हणून हे तिथेच ठेवतोय. या वेळी खाली माझं नाव आहे.

— नितीन